पाटातला गाळ

कतारगाम हे नाव ज्यांच्या कानावर आहे त्यांच्यापैकी जुन्या पिढीला ते तेथल्या पापडीमुळे ठाऊक असते आणि नव्या पिढीला हिऱ्यांमुळे. कंतारेश्वर महादेवाच्या देवळाभोवतालच्या ज्या मळ्यांत एके काळी उंधियूसाठी लागणारी कोवळी पापडी पिकत असे, त्या मळ्यांच्या जागी आज दिवसरात्र घंट्या, म्हणजे हिरे घासण्याची चाके, फिरविणारे हिऱ्यांचे कारखाने, भरतकामाची यंत्रे आणि त्यांवर राबणाऱ्यांच्या खोल्या दाटीवाटीने उभ्या आहेत. पापडी अजूनही बाजारात कतारगामच्याच नावाने विकली जाते, आणि ती हल्ली कोणत्या गावच्या मातीतून येते याची चौकशी करण्याच्या भानगडीत कोणी शहाणा माणूस पडत नाही.

मी या वस्तीत राहतो तो खानदेशातून आलेल्या एका कुटुंबाच्या तिसऱ्या पिढीतला माणूस म्हणून. सुरतेतली मराठी वस्ती मुख्यत्वे उधना, लिंबायत, डिंडोली या बाजूंस आहे. कतारगामात आम्ही थोडके. सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ ची लूट प्रथम आठवते, आणि गुजराती शेजारीही थट्टेने का होईना, वर्षातून एकदा तरी ती आठवण करून देतोच. परंतु खानदेशी माणसाचे सुरतेशी असलेले नाते त्याहून कितीतरी जुने आहे, कारण ते नदीचे आहे. मुलताईस उगम पावलेली तापी हतनूरचे धरण ओलांडून, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा यांचे पाणी पोटात घेत, सारंगखेडे आणि प्रकाशे येथील बंधाऱ्यांवरून उकाईच्या जलाशयात येते आणि तेथून सुमारे शंभर किलोमीटर खाली सुरतेस पोहोचते. आमच्या मूळ गावी पडलेलेच पाणी काही दिवसांनी आमच्या दाराशी येते. तेथे त्याला पाऊस म्हणतात, येथे पूर.

२००६ च्या ऑगस्टात तो असा काही आला की उकाईच्या दरवाजांतून सुमारे नऊ लाख क्यूसेक इतका विसर्ग करावा लागला आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. १९६८ चा पूर पाहिलेल्या म्हाताऱ्यांना वाटले होते की १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाल्यावर ते प्रकरण कायमचे दप्तरदाखल झाले; पण नदीने ते पुन्हा उघडले. आज मी लिहिणार आहे ते मात्र पुराविषयी नव्हे, पुराच्या गणिताविषयी, आणि त्या गणिताच्या साधनांची मालकी कोणाची व निगा कोणाची, या वरकरणी कोरड्या वाटणाऱ्या प्रश्नाविषयी.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते आमच्याच गल्लीतल्या एका मुलाने. तो दुसऱ्या एका शहरातल्या महाविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो आणि सुटीत घरी आला म्हणजे माझ्याकडे जुनी पुस्तके धुंडाळायला येतो. या खेपेस आला तो हाती पट्टी, भिंग आणि काळ्या कापडी बांधणीचा एक जुना प्रबंध घेऊन. त्या प्रबंधात नदीच्या एका लांबीचे आडवे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत तळ कोठे किती खोल आहे याचे आलेख, छापलेले होते, आणि हा मुलगा त्या बोटभर आलेखांवर पट्टी ठेवून एकेक आकडा वहीत उतरवीत होता. मी विचारले, “अरे, ज्याने हे आलेख काढले त्याच्याजवळ मूळ आकडे असतीलच की!” तो म्हणाला, “काका, तो मुलगा दुबईला आहे, सर निवृत्त झाले, आणि तो कॉम्प्युटर भंगारात गेला. प्रबंध तेवढा लायब्ररीत राहिला.” सरकारी शिष्यवृत्तीवर, सरकारी खर्चाने, उन्हातान्हात नावेतून मोजलेली नदी अशा रीतीने काळ्या कापडात बांधून ठेवलेली होती, आणि तिला बाहेर काढण्याचे हत्यार होते भिंग!

हे आकडे कशासाठी लागतात ते थोडक्यात सांगितले पाहिजे. नदीत वरून अमुक इतके पाणी सोडले तर खाली अमुक ठिकाणी ते किती वेळाने आणि किती उंचीपर्यंत चढेल, हे सांगणारी समीकरणे सें-व्हेनां या फ्रेंच गणितज्ञाने १८७१ साली मांडली. परंतु पाणी तळाशी व काठाशी घासत जाते, आणि ती घासण किती धरावयाची हा प्रश्न गणिताच्या कक्षेतला नसून निरीक्षणाच्या कक्षेतला आहे. मॅनिंग या आयरिश अभियंत्याने १८८९ साली सुचविलेल्या सूत्रात ही घासण एका लहानशा अंकाने दाखवितात. गुळगुळीत सिमेंटच्या पाटाला तो अंक ०.०१५ च्या आगेमागे असतो, तर झाडोरा, खडक व वळणे असलेल्या नैसर्गिक नदीला त्याच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही अधिक. दशांशाच्या तिसऱ्या स्थळावरचा फरक पुराच्या वेळी घराचा उंबरा आणि घराची खिडकी यांच्यातला फरक होऊन बसतो.

तापीच्या बाबतीत हे काम झालेले आहे, आणि सुरतेतच झालेले आहे. येथील सरदार वल्लभभाई राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेतले टिंबडिया, पटेल आणि पोरे यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात १९९८ व २००३ च्या पुरांच्या नोंदी घेऊन, नदीच्या निरनिराळ्या भागांची प्रत्यक्ष जाऊन काढलेली छायाचित्रे समोर ठेवून, खालच्या तापीसाठी घासणीचे अंक ठरविले आणि मग तेच अंक वापरून २००६ चा पूर गणिताने पुन्हा उभा करून पाहिला. संपूर्ण नदीला एकच अंक लावून भागत नाही, भागाभागाला वेगळा लावावा लागतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आणि ज्याने सिंगणपोरच्या बंधाऱ्याजवळचा पसरलेला, संथ प्रवाह आणि वरच्या अंगाचा खडकाळ तळ दोन्ही पाहिले आहेत त्याला तो पटण्यास समीकरणांची गरज नाही. छायाचित्रांवरून नदीच्या खडबडीतपणाचा अजमास घ्यावयाचा, ही कल्पनाच मला मोठी लोभस वाटते. संगणकाच्या युगातही अभियंत्याला नदीकाठी जाऊन उभे राहावे लागते, हे त्यातून दिसते.

या निबंधात वापरलेले साधन ‘हेक-रास’ या नावाने ओळखले जाते. अमेरिकेच्या लष्करी अभियांत्रिकी दलाचे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे जलविज्ञानाचे एक केंद्र आहे. त्याने ते १९९५ साली प्रथम प्रसृत केले आणि तेव्हापासून जगातल्या कोणालाही ते मोफत घेता येते. अमेरिकन करदात्याच्या पैशाने निर्माण झालेल्या साधनावर तापीचा पूर मोजला जावा आणि त्याबद्दल कोणी एक पैसाही मागू नये, यात काही चमत्कारिक आहे असे आता कोणास वाटत नाही, इतके हे औदार्य अंगवळणी पडले आहे. तथापि येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. हेक-रास फुकट आहे, पण मुक्त नाही. त्याच्या पोटातली आज्ञावली सर्वसामान्यांस वाचावयास मिळत नाही. याउलट नकाशे करण्यासाठी त्या मुलाच्या संगणकावर असलेले ‘क्यूजीआयएस’ हे २००२ साली सुरू झालेले साधन फुकटही आहे आणि मुक्तही. त्याची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, बदलता येते, सुधारून परत देता येते. फुकट जेवण आणि उघडे स्वयंपाकघर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिलीचे कौतुक जितके होते तितके दुसरीचे होत नाही.

खानदेशी माणसाला हा भेद समजावून सांगण्यास मला नवी उपमा शोधावी लागत नाही. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर निदान तीनशे वर्षे चालत आलेली फड पद्धती धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे, पाणी पाटकऱ्याने सोडावयाचे, राखण जागल्याने करावयाची, आणि हंगामापूर्वी पाटातला गाळ सर्वांनी मिळून काढावयाचा. बंधारा राजाचा नव्हता, सावकाराचा नव्हता आणि कोणा एका शेतकऱ्याचाही नव्हता. पाण्याला दर नव्हता, पण पाण्यामागे गाळ काढण्याची पाळी होती, आणि ज्याने ती चुकविली त्याची गय पंच करीत नसत. पुढे जेथे जेथे फड मोडले तेथे ते का मोडले याची कारणे अनेक आहेत. वरच्या अंगास मोठी धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, प्रत्येकाला आपापले पाणी मिळू लागले. पण पाट निकामी झाल्याचे पहिले दृश्य लक्षण सर्वत्र एकच होते, ते म्हणजे गाळ.

संगणनाच्या क्षेत्रातला असा पहिला मोठा पाट १९८५ साली खणला गेला असे म्हणावयास हरकत नाही. जॅक डोंगारा आणि एरिक ग्रोस या दोघांनी ‘नेटलिब’ नावाचे भांडार उघडले. समीकरणे सोडविण्याच्या, कोष्टकांचे गणित करण्याच्या, तावूनसुलाखून घेतलेल्या आज्ञावल्या त्यात ठेवलेल्या असत, आणि एखाद्याने विद्युत-टपालाने हव्या त्या आज्ञावलीचे नाव लिहून पाठविले की यंत्रच ती उलट टपाली धाडीत असे. त्या आज्ञावल्यांची पुढची पिढी, १९९२ साली आलेली ‘लॅपॅक’, आजही पायथॉनच्या ‘नमपाय’खाली, ‘ऑक्टेव्ह’खाली, ‘सायलॅब’खाली, इतकेच नव्हे तर महागड्या परवान्यावर विकल्या जाणाऱ्या ‘मॅटलॅब’खालीही वाहते आहे. या शेवटच्या साधनाची कथा तर बोलकी आहे. क्लीव्ह मोलर या प्राध्यापकाने आपल्या न्यू मेक्सिकोतल्या विद्यार्थ्यांना फोरट्रानच्या जाचातून सोडवून सार्वजनिक आज्ञावल्या सुलभपणे वापरता याव्यात म्हणून ते १९७० नंतरच्या दशकात प्रथम रचले आणि मागेल त्याला दिले. १९८४ साली त्याची कंपनी झाली. त्यात गैर काही नाही. सामायिक पाटाच्या पाण्यावर स्वतःची बाग फुलविण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. प्रश्न एवढाच, की गाळ काढण्याच्या दिवशी बागाईतदार फावडे घेऊन येतो की नाही.

‘ऑक्टेव्ह’विषयी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पुष्कळांचा समज असा की हे नाव संगीतातल्या सप्तकावरून पडले असावे. वास्तविक ते ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील या रसायन अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाचे नाव आहे. तेच लेव्हेनस्पील, ज्यांच्या रासायनिक अभिक्रियांवरच्या पुस्तकाने माटुंग्यापासून नागपूरपर्यंतच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या रात्री खाल्ल्या आहेत! त्यांच्या जॉन ईटन नावाच्या विद्यार्थ्याने १९९२ च्या सुमारास हे साधन लिहावयास घेतले आणि गुरूचे नाव त्याला दिले. गुरुदक्षिणेचा हा प्रकार आपल्या परंपरेला परका वाटू नये.

आता गाळाविषयी. २०१४ च्या एप्रिलात असे उघडकीस आले की बँकांपासून दवाखान्यांपर्यंत जगातल्या असंख्य संगणकांचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्त साधनात दोन वर्षे एक भगदाड होते आणि त्यातून गुपिते झिरपू शकत होती. भगदाडापेक्षा लोकांना अधिक धक्का बसला तो दुसऱ्याच माहितीने: ज्या साधनावर कोट्यधीश कंपन्यांचा डोलारा उभा होता, त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या आणि त्यावर पूर्ण वेळ राबणारा माणूस एक होता. त्यानंतर धावपळ झाली, निधी उभा राहिला. पण दहा वर्षांनी, २०२४ च्या मार्चात, ‘एक्सझेड’ या फायली आवळून लहान करणाऱ्या एका साध्या साधनाच्या बाबतीत प्रसंग याहून वाईट ओढवला. ते साधन सांभाळणारा एकटा माणूस थकला होता. टोपणनावाने वावरणाऱ्या एका इसमाने वर्षा-दोन वर्षांच्या चिकाटीने मदतनीस म्हणून त्याचा विश्वास संपादन केला, किल्ल्या हाती घेतल्या आणि हळूच चोरदरवाजा बसविला. तो उघडा पडला तो कोणत्याही पहारेकऱ्यामुळे नव्हे. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे जाणवले, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा हिशेब लागेपर्यंत त्याला चैन पडेना. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, की आज्ञावली उघडी होती म्हणून तो हिशेब त्याला लावता आला. बंद पेटीतल्या साधनात अर्धा सेकंद हरवला असता तर तो हरवलाच असता.

तेव्हा सामायिक साधने सरसकट निर्दोष असतात असे माझे प्रतिपादन नाही. त्यांतली पुष्कळशी अर्धवट लिहिलेली, वर्णनपत्राविना टाकून दिलेली, आणि ज्याने लिहिली त्यालाच सहा महिन्यांनी न उमजणारी असतात. “या साधनाची कोणतीही हमी नाही” हे त्यांच्या माथ्यावरचे वाक्य केवळ वकिली नसून पुष्कळदा अक्षरशः खरे असते. परंतु यावरचा उपाय पाट बुजविणे हा नव्हे.

आपल्याकडे या दिशेने काहीच घडलेले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पवईच्या आयआयटीत केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक मोहिमेतून ‘फॉसी’ नावाचा उपक्रम बरीच वर्षे चालू आहे आणि त्याने केलेली एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. अभियांत्रिकीच्या प्रमाणग्रंथांत सोडविलेली जी उदाहरणे असतात ती देशभरच्या लहानमोठ्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी सायलॅबमध्ये, पुढे पायथॉनमध्ये आज्ञावलीच्या रूपाने लिहावयाची, तज्ज्ञांनी ती तपासावयाची, लिहिणाऱ्याला मानधन द्यावयाचे आणि तयार झालेला संच सर्वांसाठी खुला ठेवावयाचा. वरवर पाहता हे काम हमालीचे आहे, आणि म्हणूनच मी त्याला मोठे म्हणतो. कारण शिरपूर किंवा चिखली येथील ज्या विद्यार्थ्याला महागड्या परवान्याचे साधन कधीच दिसले नसते, त्याला अशा संचामुळे केवळ साधनच मिळते असे नव्हे, तर आपले नाव त्यावर घालण्याचा मानही मिळू शकतो. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ उपक्रमाने हेच शिक्षण मराठी-गुजरातीसह आपल्या भाषांत ध्वनिचित्रफितींतून आणले. तेथलेच प्राध्यापक प्रभु रामचंद्रन यांनी शास्त्रीय आकड्यांची त्रिमित चित्रे काढणारे ‘मायावी’ हे साधन निर्माण करून जगाला खुले केले, आणि पुण्याच्या आयुकाने पर्सिस्टंट या कंपनीच्या सहकार्याने आकाशनिरीक्षणाच्या नोंदींचे आलेख काढणारे ‘व्हीओप्लॉट’ खगोलशास्त्रज्ञांच्या हाती दिले. म्हणजे घेणारे हात जसे आपले आहेत तसे देणारेही आहेत. अडचण मधल्या जागेत आहे, जेथे घेतलेल्या साधनावर केलेले काम परत पाटात सोडण्याची वहिवाट अद्याप पडलेली नाही.

कतारगामच्या कारखानदाराला मी हे सांगू लागलो की तो हसतो. कच्च्या हिऱ्यातून अधिकात अधिक वजनाचा तयार हिरा कसा काढावा हे सांगणारी यंत्रे आणि त्यांच्या आज्ञावल्या आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या कारखान्यात आहेत, त्या भारी किमतीच्या आहेत, कुलपात आहेत. आणि आपले गणित शेजाऱ्याला फुकट देणे म्हणजे व्यापार बुडविणे, असे त्याचे प्रांजळ मत आहे. मी त्याच्याशी वाद घालीत नाही. ज्याने आपल्या पैशाने आपली विहीर खणली त्याला ती सामायिक करावयास सांगण्याचा अधिकार मला नाही. पण हेही त्याने विसरू नये, की त्याच्या रत्नकलाकाराचा हात ज्या प्रमाणांना सरावला आहे ती प्रमाणे कोणा एका कारखान्याच्या तिजोरीतून आलेली नाहीत. मार्सेल टोल्कोव्स्की या बेल्जियन हिरेव्यापारी घराण्यातल्या तरुण अभियंत्याने १९१९ साली लंडनला एक लहानसे पुस्तक छापून प्रकाशाच्या परावर्तनाचे गणित उघड मांडले: वरचे टेबल रुंदीच्या ५३ टक्के, मथाळ्याचा कोन साडेचौतीस अंश, तळियाचा पावणेएक्केचाळीस. हे आकडे तो घराण्याचे गुपित म्हणून राखून ठेवू शकला असता. त्याने ते छापले, पुढच्या पिढ्यांनी ते तपासले, त्यांत दुरुस्त्या सुचविल्या, वाद घातले. आणि शंभर वर्षांनंतरही जगातल्या कोणत्याही हिरेबाजारात उत्तम घाटाचा विषय निघाला की बोलणे त्याच्या पुस्तकापासून सुरू होते. गणित उघडे केल्याने त्याच्या घराण्याचे काही बुडाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

खाजगी विहिरीचा प्रश्न असा सोडून दिला तरी सरकारी पैशाने खणलेल्या विहिरीचे काय? भारत सरकारने आपल्याजवळची माहिती लोकांस उपलब्ध करून देण्याचे धोरण २०१२ साली जाहीर केले. २०१५ साली सरकारी कामांत मुक्त साधनांना प्राधान्य देण्याचे आणि सरकारी आज्ञावल्यांची मूळ प्रत खुली करण्याचे, अशी आणखी दोन धोरणे काढली. २०२० च्या मे महिन्यात ‘आरोग्य सेतु’ची मूळ प्रत खुली करून त्या तत्त्वाचा एक दाखलाही घालून दिला. म्हणजे हुकूम आहे, उणीव तामिलीची आहे. माझे म्हणणे इतकेच, की सार्वजनिक पैशाने नदीचा, रस्त्याचा, भूजलाचा किंवा पावसाचा जो जो गणिती अभ्यास होईल, तो महाविद्यालयातला प्रबंध असो, महानगरपालिकेने सल्लागाराकडून करविलेला अहवाल असो की पाटबंधारे खात्याचे स्वतःचे काम असो, त्याचे शेवटचे देयक मंजूर होण्यापूर्वी त्यातले मूळ आकडे, आज्ञावली आणि परक्या माणसाला उमजेल असे वर्णनपत्र, या तीन चिजा मुक्त परवान्यासह एका कायम जागी जमा झाल्याची पावती मागितली जावी. पावतीवाचून देयक नाही, हा एक नियम आमच्या कारकुनी परंपरेला उत्तम समजतो. आणि त्यासोबत दुसरी तरतूद अशी, की ज्या मुक्त साधनांवर हे काम होते त्यांच्या निगेसाठी अंदाजपत्रकात एक लहानसे शीर्षक असावे. परवान्याच्या खर्चात जी बचत झाली तिचा शतांश जरी तिकडे वळविला तरी पुष्कळ गाळ निघेल. विद्यापीठांनी तर यापुढे नवे साधन लिहिणाऱ्याइतकाच जुने दुरुस्त ठेवणाऱ्याचाही गौरव केला पाहिजे. आपल्याकडे विहीर खणणाऱ्याच्या नावाची पाटी लागते, उपसणाऱ्याच्या नावाची कधीच नाही.

यावर जे आक्षेप निघतात ते मी ऐकले आहेत. पहिला सुरक्षिततेचा. तो सीमेवरच्या किंवा आंतरराष्ट्रीय नद्यांच्या बाबतीत विचारार्ह असेल. तापी बैतूल जिल्ह्यात उगम पावून सुरतेपाशी समुद्राला मिळते, तिच्या तळाची खोली परक्या राष्ट्राला कळल्याने कोणते संकट कोसळेल हे मला कोणी समजावून द्यावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गणित सर्वांच्या हाती गेले तर पावसाळ्यात प्रत्येक हौशी माणूस आपापला पूर जाहीर करील आणि घबराट माजेल. हे खरे आहे की पुराची सूचना देणे हे अधिकृत यंत्रणेचेच काम असले पाहिजे, आणि २००६ नंतर सुरतेने उकाईच्या वरच्या खोऱ्यापासून शहरापर्यंतच्या सूचनेची जी साखळी बांधली ती अभिनंदनीय आहे. पण घबराट हल्ली गणितावाचूनच उत्तम माजते. पाणी हनुवटीपर्यंत आलेल्या कुठल्या तरी परक्या शहराचे चित्र आमच्या मोबाइलवर कतारगामचे म्हणून दर श्रावणात फिरते. उघड्या गणितात निदान चूक दाखविण्याची सोय असते.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. भिंगाखालून उतरविलेले आकडे त्याने त्याच्या मार्गदर्शकांच्या आणि ग्रंथालयाच्या लेखी परवानगीने मुक्त परवान्याखाली सर्वांस उपलब्ध करून दिले. वर्णनपत्र कोणत्या भाषेत लिहावे असे त्याने मला विचारले. मी म्हटले, इंग्रजीत तर लिहावेच लागेल, पण त्याखाली मराठीत आणि गुजरातीतही लिही, नदी दोघींची आहे. त्याने लिहिले, गुजराती मजकूर समोरच्या इमारतीतल्या त्याच्या मित्राने तपासला. महिनाभर कोणी फिरकले नाही. मग एके दिवशी भुसावळकडच्या एका अपरिचित विद्यार्थ्याचे दोन ओळींचे पत्र आले, की सातव्या छेदात डाव्या काठापासून चौथ्या बिंदूची खोली आणि पाचव्याची खोली यांची अदलाबदल झालेली दिसते, कारण आकडे आहेत तसेच धरल्यास नदीच्या मधोमध एक भिंत उभी राहते. मुलाने प्रबंध पुन्हा उघडला, भिंग धरले. चूक छापील आलेखात नव्हती, त्याच्या वहीत होती. त्याने ते दोन आकडे बदलले, दुरुस्तीच्या नोंदीत त्या विद्यार्थ्याचे नाव घातले, आणि मला दाखवायला आला तेव्हा त्याच्या हातात पट्टी होती. आठवा छेदही एकदा ताडून पाहावा असे त्याच्या मनात आले होते.